पंजाखालची सूचना
पंक्चरवाल्याकडे रबर सोल्युशनचा वास आला की मला कोलशेतचा तो कारखाना आठवतो. नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात मी नवीन होते, अजून कायम झाले नव्हते. औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या मशिनची स्क्रीन हे माझं पहिलंच काम. ती कागदावर काढून, त्याच सोल्युशनने पुठ्ठ्यावर चिकटवून मी त्या कारखान्यात ऑपरेटरला दाखवायला नेलेली. ऑपरेटर म्हणजे खाडीकाठच्या गावातले एक काका, हात चांगले रुंद. त्यांनी वरचं बटण दाबल्यासारखं केलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, हात ठेवला का तुमची धोक्याची सूचना माझ्या पंजाखाली जाते. वाचू कशी?" ऑफिसात आम्ही सगळ्यांनी ती स्क्रीन भिंतीवर लावून लांबूनच पाहिलेली. तेवढ्यात कारखान्याचे मोठे साहेब आले आणि त्यांनी विचारलं, कसं वाटतंय. त्यांना काम पसंत पडलं नसतं, तर माझी नोकरी गेली असती. काका म्हणाले, "चांगलंय. फक्त सूचना वर घेतोय, बटणं खाली. आम्ही दोघांनी ठरवलंय." माझी नोकरी टिकली. आजही कुठलीही स्क्रीन आखली की मी आधी तिच्यावर तळहात ठेवून बघते, आणि काकांचा हात याहून मोठा होता, हे विसरत नाही.