बिनतारी मामा

तारेचा इतका तिरस्कार करणारा माणूस कावेरीच्या साऱ्या खोऱ्यात दुसरा झाला नसेल, आणि त्याची उभी हयात टेलिफोन खात्यात तारा ओढण्यात गेली होती. हे माझ्या आईचे मावसभाऊ. मी पुण्याहून तंजावरच्या एका कॉलेजात शिकवायला गेलो, तेव्हा त्यांच्याच माडीवर राहिलो. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच रुजलेलं घर. उंबऱ्याच्या आत जुन्या वळणाची मराठी, बाहेर तमिळ. निवृत्त झाल्यापासून मामांनी जमिनीकडे पाहणंच सोडलं होतं. नालायक जावई, लांबलेलं भाषण आणि आंबलेलं सांबार या तिन्हींना त्यांच्याकडे एकच विशेषण होतं: "शुद्ध वायर!" मामींनी कपडे वाळत घालायला गच्चीत तार बांधली, तीही त्यांना सोसेना. शेवटी काथ्याच्या दोरीवर तडजोड झाली.

देशात तेव्हा सगळंच खुलं होत होतं. लोकांनी त्यातून परदेशी पेयं उचलली, मामांनी आकाश उचललं. जाळी वाकवून त्यांनी गच्चीवर भलीमोठी तबकडी उभी केली. मामींना ती तांदळाच्या पापड्या, म्हणजे तिकडचे वडाम, वाळवायला फार सोयीची वाटली. टीव्हीवर चित्राऐवजी मुंग्या दिसू लागल्या की मामा जिन्यातून ओरडत, "अगे, उपग्रहाच्या वाटेत तुझं वडाम आलंय!" स्वयंपाकघरातून उत्तर येई, "दोन खाऊन पुढे जा म्हणावं त्याला."

पण तबकडी ही नुसती पायरी. त्यांची खरी भक्ती अजून न उडालेल्या उपग्रहांवर होती. उपड्या तांब्याभोवती इडल्या फिरवून ते समजावत, "आताचे उपग्रह फार उंच रे. आवाज वर जाऊन खाली येईतो बोलणारा म्हातारा होतो. उद्याचे खालून उडतील, पुष्कळ उडतील. पंगतीत वाढपी सांबाराची बादली पुढच्याच्या हातात देतो की नाही, तसं बोलणं एक उपग्रह दुसऱ्याच्या हातात देईल. भातशेतात उभा राहून मस्कतशी बोल! खांब नको, तार नको." याच विषयावर गावातल्या क्लबात त्यांचं व्याख्यान झालं. विज्ञान आणि अध्यात्म एकच असल्याचं सांगून अध्यक्ष शाल पांघरून झोपी गेले. मध्येच माइकची वायर निखळली. "पाहिलंत?" असं विजयाने म्हणत मामा तसेच पुढे बोलत राहिले. दुसऱ्या रांगेपलीकडे ते कुणालाच ऐकू आलं नाही.

मस्कतचं उदाहरण उगाच नव्हतं. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन तिथे गेली होती. दर रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर तिचा फोन यायचा आणि मामींना सोबत म्हणून मी जायचो. बूथमध्ये चार माणसं ताटकळत असायची. मामी मुलीशी तमिळमध्येच बोलत: जेवलीस का, उकडतं का, ठेवते. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "चारचौघांत आपलं बोलूलालों तर लोकांस वाटतं, त्यांच्याविषयीच बोलूलालों. बरं नव्हे ते." 'आपलं' म्हणजे घरातली मराठी. मग मुलीला सांगायचं सगळं परतीच्या रस्त्यावर मामी मराठीत मला सांगत. स्वप्नात आली होतीस, परसातल्या मोगऱ्याला कळ्या आल्या, तुझ्यावाचून घर खायला उठतं. मी नुसता हुंकार देई. लेकीशी घरच्या भाषेत बोलायला घरात फोन हवा, एवढीच त्यांची इच्छा होती. खिडकीपाशी एक स्टूल त्यांनी विणलेला रुमाल घालून कधीचं तयार ठेवलं होतं.

आणि एके दिवशी, फोनच्या यादीत वर्षानुवर्षं अडकलेला मामांचा नंबर लागला. लाइनमन खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन दारात उभा राहिला. मामांनी त्याला ओट्यावर बसवलं, कॉफी पाजली, भविष्यकाळ समजावला आणि परत पाठवला. "मरायला टेकलेली वस्तू घरात घ्यायची? दोन वर्षं कळ काढ. फोन थेट आकाशातून येईल." मामी दाराआड उभ्या होत्या. "आकाशातनं येईल ते मला कशाला?" एवढंच म्हणून त्यांनी पेला उचलला.

आकाशातला फोन खरंच आला. तो विटेएवढा होता, घराच्या छपराखाली चालत नव्हता आणि त्यावर मिनिटभर बोलण्यापेक्षा मस्कतला जाऊन आलेलं स्वस्त पडलं असतं. थोड्याच दिवसांत तो काढणारी कंपनी बुडाली. उपग्रह वर तसेच फिरत राहिले. मामा गच्चीवर उभे राहून सरकणारे ठिपके दाखवत. कुणाच्या हातात काही न देणारे वाढपी. त्याच सुमाराला मामींना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली.

तोवर तारेचा फोन मागितला की मिळू लागला होता. मामा स्वतः अर्ज घेऊन जुन्या कचेरीत गेले. फोन त्या स्टुलावर बसला. पहिल्या रविवारी घंटा वाजली, तेव्हा मामांनी रिसीव्हर मामींच्या कानाला लावला. खोलीत आम्ही तिघंच होतो. पलीकडून मुलीचा आवाज आला, आणि ती सवयीने तमिळ बोलत होती: जेवलीस का, उकडतं का.

मामींचे डोळे मामांकडे वळले. मामांनी रिसीव्हर ओढून घेतला. "आपलं बोल गे!" ते ओरडले. "बूथ नव्हे हा, घर आहे! इथे कोणी नाही!"

रिसीव्हर त्यांनी पुन्हा मामींच्या कानाशी धरला. पलीकडे सगळं गप्प होतं. मामा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "आवाज वर जाऊन येतो रे. वेळ लागतो."

आणि ते तसेच वाकून उभे राहिले.