एका रुग्णाबरोबर एकच नातेवाईक

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा सांगूनच टाकते माझी फजिती.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळातून माझी बदली झाली ती थेट तारापूरकडच्या किनाऱ्यावर, एका लहानशा दवाखान्यात. आल्या आल्या मी दारावर पाटी लावली : एका रुग्णाबरोबर एकच नातेवाईक. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, इथं जरा दमानं घ्या." मी कसली ऐकतेय?

थोड्याच दिवसांत जवळच्या नवापूरची कमळी आली. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. बरोबर आई, सासू, जावा, शेजारणी, म्हणजे अर्धा कोळीवाडाच. मी पाटीकडे बोट दाखवलं. "एकीनंच थांबायचं."

सासू शांतपणे म्हणाली, "बाय, आमी पोरीला अशा वेलेला एकटी नाय सोडत."

"मग घरी न्या!"

अहो, बोलायची रीत ती. पुण्यात असं म्हटलं की लोक मुकाट्यानं ऐकतात. इथं त्या खरंच उठल्या, आणि कमळीही उठली. कळ आली की थांबायची, ओसरली की चालायची.

डॉक्टर पालघरला गेलेले. त्या बायका आता परततील, मग परततील, म्हणून मी दारात उभी. नाही परतल्या. हाताला गुण असून काय उपयोग, खाटच रिकामी असेल तर? पोरीचं काही बरंवाईट झालं तर? बाळंतपणाची पेटी उचलली आणि वाळूतून धावत सुटले.

कमळीच्या घराच्या दारात सासू उभी. "थांब. एकीनंच आत जायाचं. तिची आय हाय आत."

नियम माझाच. मला रडू फुटलं.

आतून कमळी कण्हत म्हणाली, "घ्या गो तिला आत. तिचं हितं कोन नाय."

मुलगी झाली, दोघी सुखरूप. सगळ्या बायका भोवती दाटीनं उभ्या होत्या. कुणी पाणी तापवलं, कुणी माझा घाम पुसला. मला एकीचीही अडचण झाली नाही.

पुढं पावसाळ्यात हिवतापानं मलाच धरलं. आमच्याच दवाखान्यात खाटेवर पडले. उशाशी कमळीची सासू, पायाशी लेकीला घेऊन कमळी, आणि मागं तोच अर्धा कोळीवाडा.

डॉक्टर आले. दारावरची पाटी उतरवायची माझी राहूनच गेली होती. ती त्यांनी सावकाश वाचली आणि मला विचारलं, "सिस्टर, यातल्या कुणाला ठेवू?"

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.