आमच्या क्रिकेटवाल्यांची बेसबॉल टीम

सीझन सुरू होऊन महिनाही झाला नव्हता आणि आमच्या टीमने हरण्याचे सगळे प्रकार करून दाखवले होते. बॅटिंग वाईट म्हणून हरलो, कॅच सुटले म्हणून हरलो, एकदा तर निम्मी टीम पार्किंग शोधत फिरत असतानाच हरायला लागलो होतो. मी दर रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडखाली थर्मास घेऊन बसायचे आणि हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघायचे.

मला बेसबॉल कळतो. नवऱ्याच्या प्रोजेक्टपायी आम्ही काही वर्षं अमेरिकेत काढली. मला तिथे नोकरी करायची परवानगी नव्हती, ओळखपाळख नव्हती. संध्याकाळी टीव्हीवर मॅच लागायची, ती बघत मी पोळ्या लाटायचे. त्या शहराची टीमसुद्धा हरायचीच, पण निदान काय खेळतोय हे त्या लोकांना ठाऊक असायचं.

इथे आखातात आमच्या लोकांचं तसं नाही. हे सगळे क्रिकेटवाले. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बिल्डिंगमधले बँकवाले, आयटीवाले आणि अल क्वोजच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमधले चारपाच कोकणातले गडी. माझा नवरा त्या वर्कशॉपकडून माल घेतो, तिथली ही ओळख. वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत हे सगळे टेप लावलेल्या बॉलने खेळायचे. मग तिथे गोदाम उभं राहिलं आणि क्रिकेट संपलं. दुसरं मैदान परवडेना. तेवढ्यात कळलं की एका बेसबॉल लीगमध्ये रविवारची एक जागा रिकामी आहे.

"बॅट आहे, बॉल आहे, अजून काय पाहिजे?" नवरा म्हणाला आणि कॅप्टन झाला.

लीगची अट एकच होती. नव्या टीमने पहिल्या फेरीत निदान एक मॅच जिंकायची. नाही जिंकली तर जागा वेटिंगवरच्या टीमला. बिल्डिंगवाल्यांचं त्यात फार काही जात नव्हतं, त्यांना क्लब आहेत, स्विमिंग पूल आहेत. अल क्वोजवाल्यांचं मात्र सगळंच जात होतं. आठवडाभर वर्कशॉप, मग कंपनीची बस, मग एका खोलीत ओळीने लावलेल्या खाटा. हिरवं गवत त्यांना फक्त रविवारी दिसायचं. म्हणून मला ही टीम जिंकायला हवी होती, आणि म्हणूनच तिचा इतका संताप यायचा.

पहिली मॅच जपानी ऑफिसवाल्यांशी. आमच्या ओपनरने (हो, आमच्याकडे ओपनर आहे) पहिला बॉल ऐटीत सोडून दिला. मागून बँकवाले ओरडले, "वेल लेफ्ट!" दुसराही सोडला. पुन्हा टाळ्या. तिसरा सोडला आणि, तीन चांगले बॉल सोडले की बेसबॉलमध्ये आऊट, म्हणून अंपायरने त्याला बाहेर काढलं, तरी हा तिथेच उभा राहून ग्लोव्हज नीट करत होता. त्याच्यानंतरच्याने डावा पाय पुढे टाकून सुरेख डिफेन्स केला. बॉल पायाशी पडला. इथे बॉलला बॅट लागली की पळायचंच असतं हे कुणाला सुचलंच नाही. जपानी लोकांनी आम्हाला धुऊन काढलं आणि शेवटी ओळीने उभं राहून कमरेत वाकून नमस्कार केला. आमच्यातल्या एकाने त्यांना शेकहँड करत "गुड गेम" म्हटलं. कसला गुड गेम!

आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, एक आयटीवाला. जन्मभर कोपर सरळ ठेवून बॉलिंग केलेली. मी सांगितलं, "अहो, इथे हात वाकवून फेकायचं असतं, फेका की बिनधास्त." तर म्हणे, "वहिनी, चकिंग माझ्या हातून व्हायचं नाही." असली तत्त्वं घेऊन त्याने पुढची मॅचही घालवली.

नवऱ्याची तऱ्हा वेगळी. हा बॅट घेऊनच पळायचा. पहिल्या बेसजवळ आला की बॅट लांब करून बेसला टेकवायचा आणि आपण सेफ आहोत अशा थाटात अंपायरकडे बघायचा. इथे बेसला पाय लागतो, बॅट चालत नाही; समोरचा शांतपणे येऊन त्याला बॉल लावून आऊट करायचा. माझ्या शेजारी बसलेली आमची लेक फोनमधून डोकं न काढता म्हणायची, "बाबा, ड्रॉप द बॅट. इट्स नॉट दॅट हार्ड." मी घरी आल्यावर समजावलं, कागदावर चौकोन काढून दाखवला, चारही कोपऱ्यांचे बेस ओळीने फिरून आलं की एक रन. "अगं, होतं सगळं सवयीने. अर्ली सीझन आहे," हे त्याचं ठरलेलं उत्तर. हरणाऱ्या माणसाला सीझन कायम लवकरचाच वाटतो.

पहिल्या फेरीतली शेवटची मॅच हॉटेलात काम करणाऱ्या फिलिपिनो पोरांशी होती. ती पोरं ड्युटीवरून थेट आलेली, पेंगत होती, त्यामुळे आम्ही चक्क बरोबरीने खेळत होतो. शेवटी एक रन कमी, एकच आऊट शिल्लक, आणि बॅटिंगला कॅप्टन. त्याच्यामागे संगमेश्वरकडचा वेल्डर बॅट घेऊन तयार उभा. हा वेल्डर आमच्यातला त्यातल्या त्यात बरा, मारायचा आणि मुकाट पळायचा.

आणि नवऱ्याने मारला. असा मारला की बॉल थेट मागच्या जाळीपर्यंत गेला. बॅट टाकलीन, सुसाट पळाला. मी उभी राहिले. "यल्ला, यल्ला! पळ, पळ!" सगळे ओरडत होते. पहिल्या बेसला पाय लावलान, आणि तिथून पुढच्या बेसकडे जायचं सोडून गर्रकन वळून दुसरा रन काढायला उलटा माझ्या दिशेने धावत सुटला.

क्रिकेटमध्ये दुसरा रन उलटा असतो ना!

बॉल आला. कॅचर, म्हणजे त्यांचा विकेटकीपर, तो हातात घेऊन वाट बघत उभा राहिला. त्यालाही कळेना, हा माणूस आपल्याकडे का येतोय. नवरा धापा टाकत त्याच्यापर्यंत पोचला आणि आऊट झाला. खलास. वेल्डरने बॅट पिशवीत घातली.

अल क्वोजवाल्यांना नेहमीप्रमाणे आम्हीच गाडीतून सोडायला निघालो होतो. मला तर नवऱ्याकडे बघवत नव्हतं. त्यांच्या गेटपाशी उतरताना वेल्डरने खिडकीत डोकं घातलं. चेहरा उन्हाने लाल, पण हसरा.

"वहिनी, पुढच्या रविवारी हाच टाइम ना? आज ओव्हरटाइम नको म्हटलं होतं, पुढच्याचं पण सांगून ठेवतो."

मी नवऱ्याकडे बघितलं. कॅप्टनने त्यांना अट सांगितलीच नव्हती. उगाच टेन्शन नको म्हणून.

"इन्शाल्ला, कळवतो मी," नवरा स्टिअरिंगकडे बघत म्हणाला.

"कळवायचं काय त्यात?" मी म्हटलं. "दादा, पुढचा रविवार नाही. आज जिंकलो असतो तर होता. जागा गेली आपली."

त्याने मागे वळून बघितलं. मागे त्याची बाकीची माणसं थांबली होती.

"मग रविवारी करायचं काय आम्ही?" त्याने विचारलं. भांडण म्हणून नाही, खरंच विचारलं.

महिनाभर ह्या टीमला मी तोंडाला येईल ते बोलले होते. तेव्हा मात्र एकच मनात आलं आणि डोळे भरून आले. एक मॅच जिंकायला काय होत होतं, मेल्यांनो!