साहेबाच्या कोटातली दोन बोटं

फ्रेंच फौजेतल्या रेनार साहेबाची सगळी बढती कुवेतमधल्या जहऱ्याच्या महबूब टेलरने त्याच्या पोटाच्या मापावरून पाहिली होती. पहिल्यांदा कवायतीसाठी आला तेव्हा साहेब कॅप्टन होता आणि कंबर होती तीस. वकिलातीत कर्नल होऊन आला तेव्हा छत्तीस. त्या वेळी महबूबने त्याचा समारंभाचा कोट शिवला आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येक शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड आत ठेवलं. साहेब चढत जाणार म्हणजे मेजवान्या झोडणार, एवढं मूळच्या दापोलीच्या या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

मुलाला, फैसलला, ही उधळपट्टी वाटे. तिथेच वाढलेल्या या पोराने कटिंगचं कॉम्प्युटर मशीन आणलं आणि जाहीर केलं, एक तारखेपासून कात्री बंद. अब्बांनी काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना चहा विचारायचा. महबूबने मान डोलावली. पण हातची कात्री सुटणार या विचाराने त्याला बायकोच्या, सफियाच्या हातची सुरमईसुद्धा गोड लागेना.

महिनाअखेरीला, भर दुपारी, साहेब दारात हजर. आता जनरल! हातात तोच कोट, त्यावर नवे दोन तारे. हौसेने तारे लावून आणले होते, कोट घालून बघायचं मात्र पॅरिसमध्ये सुचलं नव्हतं. सात वाजता समारंभ आणि बटण काजापासून चार बोटं लांब. साहेबाने श्वास रोखला, लालबुंद झाला, बटण जागचं हललं नाही.

फैसलने हात टेकले. "अब्बा, इम्पॉसिबल आहे. नवीनच शिवायला लागेल."

महबूबने ब्लेड उचललं. बाजूच्या शिवणी उसवल्या, आतलं कापड मोकळं केलं, नवी शिलाई मारली, इस्त्री फिरवली. साडेपाचला बटण अलगद लागलं. साहेबाने आरशाकडे पाठ फिरवून महबूबला कडक सॅल्यूट ठोकला आणि हा कोट आणखी किती टिकेल, असं मोडक्या हिंदीत विचारलं. आत अजून एका ताऱ्यापुरतं कापड आहे, असं महबूबने सांगताच जनरल पोट धरून हसला. महबूबला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

साहेब गेल्यावर फैसल कटिंग मशीनच्या स्क्रीनसमोर बसला. मग मान वर न करता म्हणाला, "अब्बा, ती तुमची दोन बोटं म्हणजे किती सेंटीमीटर?"

महबूब उठला आणि त्याने आपली दोन बोटं स्क्रीनवर टेकवली.