घंटी माझ्या हातात होती

वरच्या मजल्यावरच्या मावशी नसत्या, तर त्या घरात मी कधी पाऊलच टाकलं नसतं. हे आधी सांगून टाकते.

मावशी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. माझं गाव पाचगणीच्या पायथ्याला, खोऱ्यात. सातवीत शाळा सुटली आणि आता सांगलीत, विश्रामबागेतल्या एका मेसमध्ये चपात्या लाटते. आल्या आल्या एकदा गावाच्या आठवणीनं जिन्यात रडत बसले होते. मावशी म्हणाल्या, "रडायचंच असंल तर रविवारी माझ्यासंगं चल. तितं माणसं तरी हायत."

तिथं म्हणजे युनिटेरियन उपासनेला, जिथं कुठल्याही श्रद्धेची माणसं एकत्र बसतात. निवृत्त प्राध्यापक असलेल्या एका सरांच्या घरी दहा-बारा जण जमतात. मूर्ती नाही, पुजारी नाही. मधोमध पितळी वाटीत एक ज्योत. सर एकच ईश्वर मानतात, मावशी बुद्धाला, एक तरुण डॉक्टर कशालाच नाही. तरी सगळे एका गोलात बसतात. उपासना दर रविवारी वेगळ्या माणसानं चालवायची. त्यानं प्रार्थना म्हणायची, मग सगळ्यांनी शांत बसायचं, त्यानं घंटी वाजवली की चर्चा. मधे कुणी बोलायचं नाही.

एका रविवारी सरांनी घंटी माझ्यापुढं धरली. "पुढच्या वेळी तुम्ही."

आठवडाभर मावशींनी जिन्यात बसवून माझ्याकडून प्रार्थना म्हणवून घेतली.

"मावशी, चुकलं तर?"

"चुकलीस तर कोण छडी मारतंय व्हय गं?"

रविवारी आवाज कापत होता, पण प्रार्थना निभावली. "आता शांत बसू या," म्हणाले आणि डोळे मिटले. सुटले एकदाची! शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या. भंगारवाला ओरडत गेला, परत आला. मनात म्हटलं, शिकलेली माणसं बसतात तरी किती वेळ! त्यांचं आटपायची वाट बघत राहिले.

शेवटी कानाशी मावशींची कुजबुज आली, "अगं, वाजीव की! माजं गुडघं गेलं."

डोळे उघडले. सगळे मिटल्या डोळ्यांनी ताठ बसलेले, आणि घंटी माझ्याच मांडीवर! घाईत वाजवली ती दोनदा. हशा पिकला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"मला वाटलं, आज जेवायला सोडत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"पण सर, तुम्ही तरी सांगायचं," मी रडवेली होऊन म्हटलं.

सरांना माझी रडवेली मुद्रा कळेचना. "घंटी तुमच्याकडे होती. आम्ही मधे बोलणारे कोण?"

मग मी चर्चेसाठी ठरवून आणलेला प्रश्न विचारला: प्रार्थनेत मागावं की नुसतं बसावं? "बसायचं तर झालंच," सर म्हणाले आणि चर्चा अशी रंगली की सरांच्या घरचा चहा दोनदा झाला. माझा आवाज नंतर कापला नाही.

संध्याकाळी आईला फोन केला.

"एवढी शिकल्याली माणसं तुजं ऐकत बसली?"

"ऐकत न्हाई, आये. मी वाजवीपतूर गप बसली."

"आगं बया!" आई म्हणाली, आणि मग शेजारणीला हाक मारून तिलाही सांगितलं.

मावशींनी आमचं खोरं पाहिलेलं नाही. एक दिवस त्यांना तिकडं नेईन. आमच्या पडवीत ज्योत लावू, आई आणि तिची शेजारीण बसतील, उपासना मावशी घेतील. त्या घंटी वाजवायची विसरल्या, तर गुडघे गेले तरी मी हलणार नाही.