सरांनी सही केली नाही

आमचे यानवाले सर जन्मभर विज्ञानकथा लिहीत राहिले, पण एकाही कथेला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही. दर दिवाळी अंकात नवं नाव. मी विचारलं, तर म्हणाले, "अरे, गोष्ट पन्नास वर्षांनंतरची. तेव्हा मी असणार आहे का? जो असेल त्यानेच सांगायला पाहिजे ना!" मग त्या काळात शोभेल असं नाव शोधत बसायचे.

मरोळच्या ज्या कारखान्यात मी झाडू मारायचो, तिथे ते ड्राफ्ट्समन होते. पुढे मी जुन्या मशीनांचा धंदा टाकला, स्वतःचा गाळा घेतला, कुणाच्या उपकारात राहिलो नाही. वाचनाची चटक मात्र त्यांनी लावली. जेवणाच्या सुट्टीत ते गोष्ट वाचून दाखवत आणि माझा घास हातातच राही.

त्यांचा हट्ट एकच. "यान कुठलंही असू दे, उतरणार मुलुंडच्या मिठागरात." मंगळावर पोचलेली त्यांची मालवणी बाई पहिल्यांदा विचारते, "हंय मासे खंय गावतत?" दुसऱ्या एका कथेत महापालिका पाऊस सोसायटीवार वाटून सोडते. दोन सोसायट्यांच्या भांडणात मधल्या चाळीवर थेंब पडत नाही, आणि तिथली एक म्हातारी रोज गच्चीत बादली ठेवून येते. ती कथा ऐकून आमचा फोरमन रडला होता. फोरमन!

काही वर्षांपूर्वी घाटकोपरला मराठी विज्ञानकथेच्या इतिहासावर एक भाषण झालं. वक्त्याने पावसाच्या कथेचं खूप कौतुक केलं आणि म्हणाला, "हा लेखक एकच कथा लिहून कुठे गेला, कळत नाही." माझं डोकं फिरलं. उभा राहून ओरडलो, "कुठे जाणार? मुलुंडला राहतो! ढीगभर कथा आहेत त्याच्या, तुम्हाला माहीत नाहीत एवढंच!"

"पुरावा आहे?" त्याने हसून विचारलं. सगळं सभागृह हसलं. ते हसणं मी आजही विसरलेलो नाही.

दुसऱ्याच दिवशी प्रकाशक गाठला. भांडलो, उठून निघालो, जिन्यावरून त्याने परत बोलावलं. शेवटी ठरलं, सगळ्या कथा एका पुस्तकात, मुखपृष्ठावर सरांचं खरं नाव. त्याची अट एकच होती: 'या कथा माझ्या आहेत' असं लिहिलेल्या कागदावर सरांची सही.

सर तेव्हा विसरायला लागले होते. मला ओळखत, पण मधूनच कारखान्याची वेळ झाली म्हणून चपला शोधत. मी त्यांना पावसाची कथा वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकली त्यांनी.

"झकास आहे रे. कोणाची?"

"तुमची, सर."

त्यांनी अंक हातात घेतला, नाव वाचलं. "हे माझं नाव नाही."

"तुम्हीच ठेवलेलं नाव आहे ते!"

"शेलार, दुसऱ्याच्या लिहिण्यावर मी सही करायची? शोभतं का हे?"

मी समजावलं, हात जोडले. काकूही म्हणाल्या, "अहो, तुमचीच आहे. सगळ्यात आधी मीच वाचली होती." ते मानेनंच नाही म्हणत राहिले. शेवटी माझा आवाज चढला. टेबलावर हात आपटून मी म्हणालो, "सही करा, सर! नाहीतर मेल्यावर कुत्रं विचारणार नाही तुम्हाला!" ते दचकले. काकूंचा हात धरून हळूच म्हणाले, "यांना त्या लेखकाला शोधायला सांग. बिचाऱ्याचं नाव जायला नको."

नंतरही मी जात राहिलो. दार उघडलं की विचारत, "सापडला का तो?" मग तेवढंही विचारेनासे झाले.

ते गेले त्या सकाळी सोसायटीच्या फळ्यावर सरांच्या नावाखाली लिहिलं होतं, 'निवृत्त ड्राफ्ट्समन. दुःखद निधन.' माझं टाळकं सरकलं. वॉचमनकडून खडू घेतला आणि 'विज्ञानकथा लेखक' लिहायला गेलो. मागे काकू उभ्या होत्या.

"राहू दे, शेलार," त्या म्हणाल्या. "त्यांनी नाही म्हटलं होतं ना."