एका बांधीच्या चार पट्ट्या

सानगडीच्या बैलबाजारात मी दलाली करत मोठा झालो. बाबांकडून भांडवल म्हणून काही मिळालं नव्हतं. मोठमोठ्या आडमुठ्यांना मी भावावर आणलं. पण सख्ख्या तीन भावांना मला एक साधी गोष्ट पटवता आली नाही, आणि तो राग अजून गेलेला नाही.

सत्तरनंतर आमच्याकडे बुटक्या धानाचं नवं बियाणं आलं. घरात ते मीच आणलं. रोप पाहून बाबा म्हणाले, "एवढुसं झाड! याची तनस तरी बैलाले खायले पुरंल का?" दुसऱ्याच वर्षी त्याच बांध्यांतून, म्हणजे धानाच्या खाचरांतून, जवळपास दुप्पट धान निघालं. आषाढात, जेव्हा घरातलं धान तळाला जायचं, तेव्हा आईने पहिल्यांदाच हात सैल सोडून वाढलं. मला वाटलं, सुटलो आपण.

दहा वर्षांत ताटंही तेवढीच वाढली. भावांची लग्नं झाली, लेकरं झाली. पूर्वी तापात जाणारी पोरं आता दवाखान्यातून हसत परत येत. ते वाईट कसं म्हणावं? पण आषाढात आई पुन्हा भाताच्या गंजात डोकावून मग वाढायचा डाव उचलू लागली.

तेव्हाच कधीतरी साकोलीच्या शाळेत एका प्राध्यापकांचं भाषण होतं. बस चुकली म्हणून मी जाऊन बसलो. त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक धान्याची, एक माणसांची. हजारो वर्षं जगात हेच होत आलं, ते म्हणाले. नवी जमीन लागवडीखाली आली, नवं पीक सापडलं की धान्य वाढायचं, मागोमाग माणसं वाढायची, आणि एकेकाच्या ताटात पुन्हा तेवढंच. गेल्या दोनेकशे वर्षांत मात्र काही देशांत पहिली रेघ दुसरीला मागे टाकून निघून गेली. मी आमच्या घराचीच गोष्ट ऐकत होतो. न राहवून उठलो. "सर, तिथं भाऊ-भाऊ वावर कसं वाटून घेत?"

लोक हसले. प्राध्यापक हसले नाहीत. "बरेच जण शेत सोडून कारखान्यात गेले. हालही झाले त्यांचे."

"आन् किती वर्षं लागली?"

"तीन-चार पिढ्या."

बाबा गेल्यावर वाटणी निघाली. आमच्याकडे तलावाखालच्या बांधीला पाणी मिळतं, वरची बांधी पावसाच्या भरवशावर. वरची कोणालाच नको असते. म्हणून प्रत्येक बांधीच्या भाऊ असतील तितक्या पट्ट्या पाडतात. सगळ्यांना सगळ्यातलं थोडं. दोन पट्ट्यांमध्ये मातीचा बांध, नवा धुरा, घालायचा, आणि धुऱ्यावर धान होत नाही. एका बांधीला तीन धुरे. आमच्या अकरा बांध्या होत्या.

खुंट्या आणि दोरी घेऊन चौघेही वावरात उभे होतो. मी म्हणालो, "बांधी तोडू नका. खालच्या तुम्ही तिघं घ्या, अख्ख्या अख्ख्या. वरच्या साऱ्या मले द्या. मी बाजार करून पोट भरीन."

मोठा भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "बैलाचा दलाल सोताहून लंगडा बैल मागून राहिला. काहीतरी हाये याच्या मनात."

वहिनी धुऱ्यावरून म्हणाली, "भाऊजी, वरच्या बांध्यांले नहराचं पानी येऊन राहिलं काय? आमाले आधी सांगा ना!"

"नहर नाही आन् काही नाही! तुमच्याच पोरांसाठी सांगून राहिलो."

"आमच्या पोरांची फिकर तुमाले कवापासून?"

बांधी अख्खी राहिली तर बरं, असं धाकट्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "दादा म्हनते थे..." त्याने माझ्याकडे बोट करत सुरुवात केली. पण तोवर माझं डोकं फिरलं होतं. मी पहिली खुंटी उपटून चिखलात फेकली. "करा तुकडे! पोरं धुरे खातीन तुमची!"

धाकट्याने खुंटी उचलली, धोतराला पुसली, आणि होती तिथेच ठोकली. मी तोंड बंद ठेवलं असतं, तर तो माझ्या बाजूने आला असता. हे मी नाकारत नाही. पण आयुष्यात एकदाच मी तोट्याचा सौदा खऱ्या मनाने मागितला, आणि घरातल्या कोणीही तो खरा मानला नाही.

पुढच्या आठवड्यात धुरे पडले. मोठ्या भावाचा एक धुरा वीतभर माझ्या पट्टीत आला होता. तो स्वतःच म्हणाला, "सरकला थोडा. भांडतोस काय?"

मी दोन्ही धुऱ्यांमधून चालत गेलो. पट्टी इतकी अरुंद, की बैलजोडी आडवी वळणार नव्हती.

"राहू दे," मी म्हणालो. बदल्यात मी काय मागतो, याची वाट पाहत तो तिथेच उभा राहिला.